हृदयाचा ठोका आणि चौदा हजारांचा लाभ

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. विज्ञान प्रदर्शनाला तीन दिवस उरले होते आणि अकरावीतला एक विद्यार्थी पुठ्ठ्याचे खोके घेऊन आमच्या प्रयोगशाळेच्या दारात उभा होता. खोक्यात त्याने स्वतः तयार केलेला इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप होता. साध्या स्टेथोस्कोपच्या नळीच्या टोकाला छोटा मायक्रोफोन बसवलेला, त्यापुढे ट्रँझिस्टरचे दोन टप्पे असलेला विवर्धक आणि शेवटी हेडफोन.

"सर, लाभ बारा हजार पट मिळतो आहे. मी स्वतः मोजला. टेबलावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते, मागच्या बाकावरची कुजबुजसुद्धा ऐकू येते. पण छातीला लावले की काही नाही!"

"तू माझ्याशी बोलतो आहेस, त्याअर्थी तुझे हृदय चालू असावे," मी म्हणालो. मुले हसली, पण त्याला हसू आले नाही. बिचाऱ्याचे तीन आठवडे त्यात गेले होते.

त्याच्या जोडणीत कोठेही चूक नव्हती. ट्रँझिस्टर चांगले होते, सोल्डरचे डाग स्वच्छ होते, मोजमापही बरोबर होते. मग हृदय मुके का? या प्रश्नाचे उत्तर शोधताना बहुटप्पी विवर्धकाचे बरेचसे शास्त्र हाती लागते, म्हणून ती शोधाशोध येथे सविस्तर सांगतो.

आधी त्याचा एक टप्पा पाहू. ट्रँझिस्टर बीसी ५४७, पुरवठा १२ व्होल्टचा. बेसला ४७ हजार आणि १० हजार ओहमच्या दोन रोधकांनी स्थिर दाब दिलेला, कलेक्टरला ४.७ हजार ओहमचा रोधक, एमिटरला दीड हजार ओहमचा. अशा मंडलातून सुमारे १ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. बेसवरचा दाब किंचित हलला की हा प्रवाह हलतो, आणि प्रवाह हलला की कलेक्टरच्या रोधकावरचा दाब पुष्कळ मोठ्या प्रमाणात हलतो. हेच विवर्धन. वाढीव ऊर्जा येते ती बॅटरीतून. ट्रँझिस्टर नळाच्या तोटीसारखा फक्त ती सोडतो वा अडवतो.

लाभ म्हणजे बाहेर आलेला बदलता दाब भागिले आत दिलेला बदलता दाब. १ मिलिअँपिअर प्रवाह असताना एमिटरचा अंतर्गत रोध सुमारे २५ ओहम असतो. एमिटरचा दीड हजार ओहमचा रोधक कपॅसिटरने ओलांडला असेल, तर लाभ येतो ४७०० भागिले २५, म्हणजे १८८.

या आकड्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहा. कलेक्टरच्या रोधकावर स्थिर दाब पडतो ४.७ व्होल्ट. त्याला २५ मिलिव्होल्टने, म्हणजे ०.०२५ ने भागा. पुन्हा १८८ च येतात! प्रवाह कमी-जास्त केला तरी हे नाते टिकते, कारण अंतर्गत रोध प्रवाहाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणजे अशा एका टप्प्यातून दहा हजार पट लाभ हवा असेल, तर कलेक्टरच्या रोधकावर २५० व्होल्ट पडले पाहिजेत. बारा व्होल्टच्या पुरवठ्यावर हे शक्य नाही. म्हणून एकामागे एक टप्पे जोडावे लागतात. पहिल्याने वाढवलेला दाब दुसऱ्याने आणखी वाढवायचा. लाभांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

आमच्या विद्यार्थ्याने वहीत १८८ गुणिले १८८ करून ३५,३४४ असा आकडा लिहिला होता आणि प्रत्यक्षात तो निम्म्याहूनही कमी आल्याचे त्याला नवल वाटत होते. येथे पहिली मेख आहे. पहिल्या टप्प्याचे प्रदान दुसऱ्या टप्प्याच्या आदानाला जोडले की दुसरा टप्पा थोडा प्रवाह ओढतो. ट्रँझिस्टरचा प्रवाह-लाभ २०० धरला तर त्याच्या बेसचा रोध २०० गुणिले २५, म्हणजे ५ हजार ओहम होतो. बेसचे दोन रोधक त्याला समांतर आहेत. ते धरून दुसऱ्या टप्प्याचा आदान रोध उरतो सुमारे ३.१ हजार. हा पहिल्या टप्प्याच्या ४.७ हजारांना समांतर येतो आणि दोघांचा मिळून होतो सुमारे १.८७ हजार ओहम. म्हणजे पहिल्या टप्प्याचा लाभ १८८ नव्हे, १८७० भागिले २५, सुमारे ७५ च. एकूण लाभ ७५ गुणिले १८८, म्हणजे १४,१००. (दुसऱ्या टप्प्यापुढे हेडफोनला पुरेसा प्रवाह देणारा तिसरा ट्रँझिस्टर होता. तो दाब वाढवीत नाही आणि मागच्यावर फारसा भारही टाकत नाही, म्हणून त्याला हिशेबातून वगळू.)

त्याने मोजले होते बारा हजार, हिशेब सांगतो चौदा हजार. हा फरक मोजणीतल्या चुकीने आला असेल असे आधी वाटले. पण खरे रहस्य त्या फरकातच दडले होते.

"लाभ कोणत्या कंप्रतेला मोजलास?" मी विचारले.

"एक हजार हर्ट्झला, सर. सगळे तिथेच मोजतात."

अगदी खरे. सिग्नल जनरेटरची खुंटी जणू एक हजारावरच गंजलेली असते! दोष मुलांचा नाही, आपण शिक्षकच त्यांना ती खुंटी फिरवायला क्वचित सांगतो. मग आम्ही ती फिरवली. मोजण्याची रीतही सांगून ठेवतो. एवढा लाभ असलेल्या विवर्धकाला जनरेटर सरळ जोडता येत नाही, कारण आत एक मिलिव्होल्ट दिला तर बाहेर १४ व्होल्ट यायला हवेत, आणि पुरवठाच १२ चा आहे. म्हणून १ लाख ओहम आणि १०० ओहम असे दोन रोधक ओळीने जोडून जनरेटरचा दाब हजारांशाने कमी केला आणि १०० ओहमवरचा दाब विवर्धकाला दिला.

पाच हजार हर्ट्झला लाभ जवळजवळ चौदा हजार आला. एक हजारला बारा हजार. चारशेला सात हजार. शंभरला एक हजाराच्याही खाली. आणि पन्नास हर्ट्झला? जेमतेम दोनशेच्या वर!

हृदयाचे 'लब्-डब्' हे आवाज मुख्यतः २० ते १५० हर्ट्झच्या पट्ट्यात असतात. म्हणजे जो आवाज मोठा करायचा, नेमका त्यालाच या विवर्धकाने वाळीत टाकले होते. घड्याळाची टिकटिक आणि कुजबुज यांच्या कंप्रता पुष्कळ वरच्या, त्या सुखाने आत जात होत्या.

हा अडथळा कोठे होता? एमिटरच्या रोधकाला ओलांडणाऱ्या कपॅसिटरमध्ये. त्याची धारकता होती १० मायक्रोफॅरड. कपॅसिटर बदलत्या प्रवाहाला वाट देतो खरा, पण प्रत्येक कंप्रतेला सारखी नाही. कंप्रता जितकी कमी, तितका त्याचा विरोध जास्त. १० मायक्रोफॅरडचा विरोध १,००० हर्ट्झला सुमारे १६ ओहम असतो, तर ५० हर्ट्झला तो वीसपट, सुमारे ३१८ ओहम होतो. या कपॅसिटरला समोर ट्रँझिस्टरचा रोध दिसतो सुमारे ४० ओहम: २५ एमिटरचा स्वतःचा आणि १५ च्या आसपास मागच्या टप्प्याचा, जो प्रवाह-लाभाने भागला जाऊन येथे पोहोचतो. कपॅसिटरचा विरोध या ४० ओहमइतका होतो ती कंप्रता सुमारे ४०० हर्ट्झ. तेथे टप्प्याचा लाभ त्याच्या पूर्ण मूल्याच्या ०.७०७ पट उरतो. ०.७०७ चा वर्ग ०.५, म्हणजे शक्ती निम्मी होते, म्हणून या कंप्रतेला छेदक कंप्रता मानण्याची पद्धत आहे. खालची छेदक कंप्रता आणि वरची छेदक कंप्रता यांमधले अंतर म्हणजे विवर्धकाची पट्टारुंदी.

आता ५० हर्ट्झचा हिशेब करा. ३१८ हे ४० च्या आठपट. अशा वेळी एका टप्प्याचा लाभ, आठाचा वर्ग अधिक एक यांच्या वर्गमूळाने, म्हणजे ६५ च्या वर्गमूळाने भागला जातो. सुमारे आठपट घट. पण टप्पे दोन आहेत, आणि लाभांचा गुणाकार होतो तसा घटींचाही गुणाकार होतो. दोन्ही मिळून भागाकार थेट ६५ ने! चौदा हजार भागिले ६५ म्हणजे सुमारे २१५. आमच्या मोजमापाशी हे छान जुळते.

येथे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण बहुटप्पी विवर्धकाचा मुख्य स्वभाव यातच आहे. एका टप्प्याची छेदक कंप्रता ४०० असेल, तर तसल्याच दोन टप्प्यांची किती? चटकन उत्तर येते ४००, आणि ते चुकीचे आहे. ४०० हर्ट्झला पहिला टप्पा ०.७०७ पट देतो आणि दुसरा त्याच्याही ०.७०७ पट. गुणाकार ०.५. म्हणजे जोडीची छेदक कंप्रता केव्हाच मागे पडली. जोडीचा लाभ ०.७०७ पट राहण्यासाठी प्रत्येकाने ०.८४१ पट दिले पाहिजे, आणि ते घडते ४०० च्या १.५५ पट कंप्रतेला, सुमारे ६२० हर्ट्झला. तीन टप्पे असतील तर प्रत्येकी ०.८९१ हवे, आणि खालची छेदक कंप्रता १.९६ पट, जवळजवळ दुप्पट वर सरकते. वरच्या बाजूला उलटे घडते. एका टप्प्याची वरची छेदक कंप्रता दोन टप्प्यांत ०.६४४ पट, तिनांत ०.५१ पट आणि चारांत ०.४३५ पट होते. पट्टा दोन्ही टोकांनी आवळत जातो.

हे कळल्यावर उपाय सोपा होता. एमिटरचे दोन्ही कपॅसिटर काढून ४७० मायक्रोफॅरडचे बसवले. छेदक कंप्रता प्रत्येकी साडेआठ हर्ट्झ, जोडीची सुमारे तेरा. टप्प्यांना जोडणारा कपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा होता. त्याला ४.७ आणि ३.१ मिळून ७.८ हजार ओहम दिसत असल्यामुळे त्याची छेदक कंप्रता २० हर्ट्झ होती. आदानाचा आणि जोडणीचा, दोन्ही कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचे केले. मुलाने नळी छातीला लावली, हेडफोन कानाला, आणि दचकून काढूनच टाकला. आत नुसते 'घूंऽऽ' चालू होते!

खालचे दार उघडले तेव्हा हृदयाबरोबर आणखी एक पाहुणा आत आला. घरगुती विजेची कंप्रता आपल्याकडे ५० हर्ट्झ आहे. आधीचा विवर्धक तिलाही वाळीत टाकत होता, म्हणून ती गुणगुण ऐकू येत नव्हती. मग पुरवठ्याचा अडॅप्टर काढून टाकला आणि दीड व्होल्टचे आठ सेल जोडले. शरीराला लागणाऱ्या उपकरणाला तसेही सेलच वापरावेत, हे विसरू नका. मायक्रोफोनची तार जाळीच्या आवरणाची घेतली आणि सारे मंडल पत्र्याच्या डब्यात ठेवून डबा मंडलाच्या ऋण टोकाला जोडला. गुणगुण जवळजवळ गेली.

उरली ती 'हिस्स' अशी सूक्ष्म खरखर. ती प्रत्येक रोधकात आणि ट्रँझिस्टरमध्ये आपोआप उत्पन्न होते आणि सर्व कंप्रतांवर पसरलेली असते. विवर्धकाचा पट्टा जितका रुंद, तितकी ती जास्त गोळा होते, पट्टारुंदीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात. हृदयासाठी एक हजार हर्ट्झच्या वरचे काहीच नको होते, आणि आमचा विवर्धक तर लाखाच्या वर पोहोचत होता. म्हणून दुसऱ्या ट्रँझिस्टरच्या कलेक्टरपासून ऋण टोकापर्यंत ०.०३३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला. ४.७ हजार ओहमबरोबर त्याची छेदक कंप्रता येते सुमारे एक हजार हर्ट्झ. पट्टा आम्ही मुद्दाम अरुंद केला आणि खरखर ढोबळ हिशेबाने बारा पट कमी झाली. आता मात्र स्वच्छ ऐकू आले: लब्-डब्, लब्-डब्. प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांपासून सगळ्यांनी रांग लावून आपापले हृदय ऐकले.

आता वरच्या टोकाकडे वळू. "लाखाच्या वर" हा आकडा कोठून आला? ट्रँझिस्टरच्या कलेक्टर आणि बेस यांच्यामध्ये आपण न जोडलेला एक लहानसा कपॅसिटर निसर्गतःच असतो, साधारण ३ पिकोफॅरडचा. एवढासा कपॅसिटर काय करणार, असे वाटेल. पण बेसचा दाब १ मिलिव्होल्ट वर गेला की कलेक्टरचा १८८ मिलिव्होल्ट खाली जातो. म्हणजे त्या कपॅसिटरच्या दोन टोकांतला दाब १८९ मिलिव्होल्टने बदलतो आणि तेवढा विद्युत् भार बेसकडूनच पुरवावा लागतो. बेसच्या दृष्टीने तो ३ पिकोफॅरडचा नसून ३ गुणिले १८९, म्हणजे ५६७ पिकोफॅरडचा असतो. निर्वात नळ्यांतला हा परिणाम जॉन मिलर या अमेरिकन अभियंत्याने विशद केला; त्याचा निबंध १९२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच्या नावानेच तो आजही ओळखला जातो. बेस-एमिटरमधली थोडी धारकता मिळवून एकूण ६१० पिकोफॅरड धरले, तर १.८७ हजार ओहमबरोबर वरची छेदक कंप्रता येते सुमारे १ लाख ४० हजार हर्ट्झ.

गोम अशी की हा अदृश्य कपॅसिटर लाभानेच फुगवला आहे. लाभ कमी केला की तो लहान होतो आणि पट्टा रुंदावतो. म्हणून एका टप्प्यापुरते ढोबळपणे म्हणता येते की लाभ आणि पट्टारुंदी यांचा गुणाकार ठरलेला असतो. यातून एक मजेदार प्रश्न निघतो. समजा हा गुणाकार १ कोटी हर्ट्झ आहे आणि एकूण लाभ १०,००० हवा आहे. टप्पे किती घ्यावेत?

एकाच टप्प्यातून हा लाभ मिळाला असता तर पट्टारुंदी मिळाली असती एक हजार हर्ट्झ. दोन टप्प्यांत प्रत्येकी लाभ १००, प्रत्येकाची पट्टारुंदी एक लाख, आणि जोडीमुळे ती ०.६४४ पट होऊन ६४,४०० हर्ट्झ. चार टप्पे घेतले तर प्रत्येकी लाभ फक्त १०, प्रत्येकाची पट्टारुंदी दहा लाख, एकूण ४ लाख ३५ हजार. आठ टप्प्यांत सुमारे साडेनऊ लाख. टप्पे वाढवले की पट्टा आवळतो असे आताच म्हटले, आणि येथे तर तो वाढत चालला! विरोध नाही. टप्पा वाढल्याने होणारी घट थोडी आहे आणि प्रत्येकावरचे ओझे हलके झाल्याचा फायदा मोठा आहे. पण हे अखंड चालत नाही. अठरा टप्प्यांना सुमारे ११ लाख ९० हजार हर्ट्झ मिळतात, आणि चाळीस टप्पे केले तर साडेदहा लाखच. अठराच्या आसपास शिखर गाठून पट्टारुंदी पुन्हा उतरू लागते. शिखरावर प्रत्येक टप्प्याचा लाभ फक्त १.६५ च्या जवळपास असतो. अर्थात अठरा ट्रँझिस्टरांचा खर्च आणि बॅटरीचा भार पाहता कोणी शहाणा माणूस तिथवर जात नाही. तीन-चार टप्प्यांतच बहुतेक फायदा पदरात पडतो.

टप्प्यांच्या साखळीची खरी कसोटी लागली ती टेलिफोनच्या तारांवर. २५ सप्टेंबर १९५६ रोजी अटलांटिक महासागराच्या तळावरून स्कॉटलंड आणि न्यूफाउंडलंड यांना जोडणारी पहिली टेलिफोन केबल सुरू झाली. तिच्यात निर्वात नळ्यांचे विवर्धक होते, एका केबलमध्ये ओळीने ५१. यांपैकी प्रत्येक विवर्धकाने एखाद्या कंप्रतेला फक्त एक टक्का कमी लाभ दिला, तर पलीकडे काय उरेल? ०.९९ चा ५१ वा घात, म्हणजे सुमारे ६० टक्के. पाच टक्के कमी दिला, तर उरतील केवळ ७ टक्के! समुद्राच्या तळाशी जाऊन कपॅसिटर बदलणार कोण?

असल्या साखळ्यांचा उपाय फार आधीच सुचला होता. बेल प्रयोगशाळेतला हॅरल्ड ब्लॅक हा तरुण अभियंता २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी नावेने हडसन नदी ओलांडून कामावर चालला होता. टेलिफोन विवर्धकांचे दोष कसे घालवावेत हा प्रश्न त्याला काही वर्षे छळत होता. नावेतच त्याला उत्तर सुचले आणि हातातल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पानावर त्याने ते उतरवून काढले. कल्पना अशी: विवर्धकाचा लाभ गरजेपेक्षा पुष्कळ जास्त ठेवायचा आणि प्रदानाचा काही भाग उलटा करून पुन्हा आदानात सोडायचा. लाभ घटतो, पण ज्या प्रमाणात घटतो त्याच प्रमाणात पट्टा रुंदावतो आणि विवर्धकाचे स्वतःचे दोषही दबतात. याला ऋण प्रत्याभरण म्हणतात. हाती आलेला लाभ स्वखुशीने टाकून द्यायचा, हे त्या काळच्या लोकांना विचित्र वाटले. ब्लॅकला त्याचे पेटंट मिळायला १९३७ साल उजाडले.

हे प्रत्याभरण आमच्या विद्यार्थ्याच्या मंडलातही होते. एमिटरचा कपॅसिटर मुळीच लावला नाही, तर दीड हजार ओहमचा रोधक प्रदान-प्रवाहाचा परिणाम आदानावर उलटवतो. तेव्हा एका टप्प्याचा लाभ उरतो केवळ ३, पण त्या कपॅसिटरमुळे येणारी खालची छेदक कंप्रता नाहीशी होते. मधला मार्गही आहे. दीड हजारांपैकी २२० ओहम न ओलांडता तसेच ठेवले तर लाभ १८८ वरून १९ वर येतो आणि जुन्याच १० मायक्रोफॅरडवर छेदक कंप्रता ४०० वरून सुमारे ६० हर्ट्झवर उतरते.

ज्यांच्या शाळेत जनरेटर आणि ऑसिलोस्कोप आहेत त्यांनी हा दोन टप्प्यांचा विवर्धक जरूर जोडावा आणि २० हर्ट्झपासून २ लाख हर्ट्झपर्यंत लाभ मोजून आलेख काढावा. कंप्रतेचा अक्ष दसपटीच्या मापाचा घ्या (१०, १००, १,००० सारख्या अंतरावर), नाहीतर हृदयाचा सारा पट्टा कागदाच्या डाव्या कडेच्या रेघेतच मावेल. उपकरणे नसतील त्यांच्यासाठी कागदावरचा एक प्रश्न: एका टप्प्याचा लाभ ३०, खालची छेदक कंप्रता १०० आणि वरची १०,००० हर्ट्झ आहे. असे तीन टप्पे, एकमेकांवर भार न टाकता, ओळीने जोडले. एकूण लाभ किती, पट्टा कोठून कोठपर्यंत, आणि ५० हर्ट्झच्या गुणगुणीला हा विवर्धक किती पट वाढवील?